पुलीत दडलेलं कुसळ

हँगरमधला माझा पहिला पावसाळा. सेस्ना १७२ शंभर तासांच्या तपासणीला आलं होतं. सीटा बाहेर, फ्लोअरचे पत्रे उघडलेले. मी एलिव्हेटरच्या, म्हणजे शेपटीवरच्या हलत्या पात्याच्या, केबलवरून मलमलीचा फडका हात पोचेल तिथपर्यंत फिरवला. कुठेच अडकला नाही.

"काका, केबल ओके."

काका म्हणजे आमचे इंजिनिअर. मान वर न करता म्हणाले, "योक कुठे होता?"

"मध्यावर."

"मग पुलीत बसलेला तुकडा कोणी बघायचा?"

योक, म्हणजे पायलटच्या हातातला दांडा, पूर्ण मागे ओढून धरला. पुलीत दडलेला बोटभर भाग बाहेर आला, त्यावरून फडका सरकवला आणि खच्चकन धागा ओढला गेला. बारीक, चकचकीत कुसळ. विमान बहुतेक वेळ सरळच उडतं, त्यामुळे योक मध्याच्या आसपासच हलत राहतो आणि तोच टीचभर भाग पुलीवर हजारो वेळा वाकतो. केबल झिजते तिथेच, आणि दिसत नाही तीही तिथेच. (उघडा हात फिरवायचा नाही, हे मी बोटाला पट्टी लावून शिकलो.)

ही केबल जेमतेम ३.२ मिलिमीटर जाड. ७ पेड, प्रत्येक पेडात १९ तारा, एकूण १३३. "एकच तर तुटलीय," मी म्हणालो. काकांनी उत्तर दिलं नाही, स्टोअरची स्लिप लिहायला घेतली. मोकळ्या भागातली तुटलेली तार एकवेळ चर्चेचा विषय होईल. पुलीवरची नाही.

केबल बदलायची म्हणजे पायजम्याची नाडी ओवायची. जुन्या केबलच्या शेपटाला सुतळी बांधायची, केबल ओढून काढायची, वाटेत सुतळी राहते. तिला नवी बांधून उलटी ओढायची. माझी गाठ जाडजूड झाली, एका फटीत अडकली, आणि मी जोर लावल्यावर सुतळी तुटली. पुढचा तासभर मी शेपटीच्या पोकळीत पालथा, तोंडात टॉर्च.

मग टर्नबकल (केबल ताणायचा स्क्रू), टेन्शनमीटर आणि तापमानाचा तक्ता. ॲल्युमिनियमचा सांगाडा उन्हात स्टीलपेक्षा जास्त फुगतो, म्हणून दुपारची केबल पहाटेपेक्षा ताठ लागते. टर्नबकलबाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत. शेवटी लॉकिंग वायर.

एवढं झाल्यावर काकांनी दुसऱ्या इंजिनिअरला बोलावलं. योक ओढला की एलिव्हेटर वर जातो ना, हे स्वतंत्रपणे बघायला. मला हसू आलं. तेव्हा त्यांनी रॉय चॅडविकची गोष्ट सांगितली. लँकेस्टर बॉम्बरचा हा निर्माता २३ ऑगस्ट १९४७ रोजी आपल्याच ॲव्हरो ट्यूडर विमानात गेला. एलेरॉनची, म्हणजे पंखांवरच्या हलत्या पात्यांची, जोडणी उलटी झाली होती. चूक देखभालीच्या कामात झाली होती.

पत्रे बसवायला घेतले तर काका अडले. "सुतळीचे तुकडे जुळव." वीतभर कमी भरली. बाहेर एक शिकाऊ पायलट घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता आणि आम्ही पुन्हा पुलीपासून शेपटीपर्यंत टॉर्च मारत होतो. दीड तासाने सापडली. माझ्याच बॉयलरसूटच्या पाठीला, ग्रीसमध्ये चिकटलेली.