जुन्या लुगड्याचा कंदील

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की घरोघर माळ्यावरून एक गाठोडे खाली उतरते. विटलेली लुगडी, विरलेल्या चादरी, गुडघ्यावर फाटलेल्या विजारी! बोहारणीला द्यावे तर ती एका पातेल्यासाठी चार लुगडी मागते; टाकून द्यावे तर हात धजत नाही. आमची सूचना अशी, की यंदा या गाठोड्यातूनच घराची आरास करावी.

कल्याणच्या पुढे राहणाऱ्या वाचकांना हे नवे वाटू नये. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी महायुद्धकाळातील लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव रूढ झाले. तेथील भागांना आजही 'कॅम्प नंबर एक' ते 'पाच' असेच म्हणतात. जुन्या कापडाचे तुकडे जोडून 'रल्ली' शिवण्याची सिंधी बायकांची कला पूर्वापार. ती आपल्या गोधडीची बहीणच! दोन्हींत धावदोरा तोच आणि काटकसरही तीच. पुढे याच गावाने जीनच्या पँटी शिवण्यात नाव काढले. शिवण आली तेथे चिंध्या आल्याच.

प्रथम तोरण करू. जीनचे कापड जाड. आंब्याच्या पानासारखे कापले तरी ताठ राहते. कडा उसवू नयेत म्हणून काजटाका घालावा. लुगड्याचा काठ दुहेरी दुमडून त्याची पट्टी करावी व तिला ही पाने टाचावीत. मधून मधून झेंडू हवेत. पिवळ्या कापडाची दोन बोटे रुंद पट्टी घ्या, एका कडेने धावदोरा घाला व दोरा ओढा. चुण्या पडल्या की पट्टी गुंडाळून खाली टाका मारा, झाले फूल.

मुलांच्या किल्ल्याला गोणपाट लागेल. दगडविटांच्या ढिगावर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरले की डोंगर उभा राहतो. त्यावर चार-पाच दिवस आधी मोहरी किंवा अळीव पेरावे, म्हणजे दिवाळीला हिरवळ दिसेल.

कंदिलासाठी विरलेले सुती लुगडेच उत्तम, कारण त्यातून उजेड झिरपतो. कामट्यांचा सांगाडा बांधून त्यावर खळ लावलेले कापड ताणून चिकटवावे. काठाच्या पट्ट्यांच्या झिरमिळ्या कराव्यात.

येथे एक गोष्ट बजावून सांगतो. अंबरनाथला विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना अनेक वर्षे होता. एका काडीची ताकद त्या गावाला सांगायला नको! कापडी कंदिलात पणती कधीही ठेवू नये. लहान एलईडी दिवाच लावावा आणि तोही कापडाला टेकू देऊ नये. कापड कोणते हे ओळखायचे असल्यास त्याचा एक धागा चिमट्यात धरून पाण्याच्या घमेल्यावर जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो व मऊ राख होते. नायलॉन, टेरिलीन वितळून कडक मणी होतो. असले वितळते कापड अंगाला चिकटले तर जखम खोल होते. म्हणून पणत्यांच्या आसपास ते नकोच. पण सुती कापडही पणतीपासून दूरच टांगावे.

अमेरिकेतल्या मराठी घरांत ३१ ऑक्टोबरचा हॅलोवीन आणि दिवाळी पुष्कळदा पाठोपाठ येतात. तेथील मुले जुन्या चादरीला डोळ्यांची भोके पाडून भूत करतात. दिवाळीत त्याच चादरीचे झेंडू होतील. खर्च दोऱ्याचा तेवढा!

आता शेवटचे. कात्री लावण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. तुम्हाला जे फाटके लुगडे दिसते, ते कुणाच्या तरी आईची शेवटची आठवण असू शकते. बदलापूर असो की बराकींची वस्ती, एकदा कापलेले कापड पुन्हा अखंड होत नाही. अशा लुगड्याचा पदर तसाच घडी घालून ठेवा आणि विरलेला भाग तेवढा कंदिलाला घ्या. मग दारात दिवा लागला, की त्या उजेडात घरातले गेलेले माणूसही दिवाळीला हजर आहे असे वाटेल.