डेम्लो संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ : गुणधर्म व अध्यापनमूल्य

प्रस्तावना : नाशिकजवळील देवळाली येथे १९३० ते १९६२ या काळात शालेय शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी पदव्युत्तर शिक्षण नसतानाही संख्याशास्त्रात मौलिक भर घातली. त्यांनी अभ्यासलेल्या ‘डेम्लो’ संख्यांपैकी एका सतरा अंकी संख्येचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ‘डेम्लो’ हे नाव त्यांनी आजच्या डोंबिवली रेल्वे स्थानकावरून दिले. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामांनुसार या संख्येचा पहिला अंक ‘मध्य’ स्थानी येतो. त्यापुढील स्थान ‘परार्ध’ होय.

रचना : ही संख्या म्हणजे १११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग होय. उभ्या गुणाकारात नऊ समान ओळी एकेक घर सरकवून मांडल्या जातात. त्यामुळे स्तंभांतील एकांची संख्या १ पासून ९ पर्यंत वाढत जाऊन पुन्हा १ पर्यंत उतरते. कोणत्याही स्तंभाची बेरीज नऊहून अधिक नसल्याने हातचा येत नाही. दहा एक घेतल्यास मात्र मधल्या स्तंभाची बेरीज १० होते व वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. नऊ वेळा दिसलेला आकृतिबंध दहाव्या वेळी मोडतो. ही मर्यादा दशमान पद्धतीची आहे. अष्टमान पद्धतीत ती सात एकांपाशी येते.

गुणधर्म : या संख्येचे मूळ अवयव ३⁴ × ३७² × ३३३६६७² असे असून तिला एकूण ४५ विभाजक आहेत. तिच्या अंकांची बेरीज ८१ आहे व ८१ ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ संख्या असे नाव दिले.

अध्यापनमूल्य : एक्सेलमध्ये हा वर्ग काढल्यास १२३४५६७८९८७६५४३०० असे उत्तर दिसते, कारण तेथे पंधराच सार्थ अंक दाखवले जातात. या उत्तरावर विसंबणारा विद्यार्थी मूळ विषम संख्येला १०० ने भाग जातो, असे मानून बसेल. कागदावरील स्तंभांची मांडणी ही चूक तत्काळ उघड करते. सोलापूर परिसरातील महाविद्यालयांत प्रथम वर्षाच्या वर्गात हा प्रयोग कोणत्याही खर्चाविना करता येण्याजोगा आहे.

निष्कर्ष : कापरेकरांच्या कार्याची समकालीन गणितज्ञांनी फारशी दखल घेतली नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यानंतर ते जगभर पोहोचले. अंकांच्या मांडणीवर आधारलेले गुणधर्म पायानुसार बदलतात, हा त्यांवरील आक्षेप ग्राह्य आहे. तथापि निरीक्षण कोठे संपते व सिद्धता कोठे सुरू होते, हे दाखविण्यास इतके सुबोध उदाहरण क्वचितच आढळते.