परदेशात शिकलेली नर्स आणि इकडची नोंदणी

परदेशी नर्सिंग शिकलेली मुलगी कायमची घरी परत यायची म्हटली, की आईवडिलांना वाटते, आता हिला नोकरीला काय तोटा? विलायतेची पदवी, मोठमोठ्या इस्पितळांतला अनुभव. जिल्ह्याच्या गावी दवाखाने पायघड्या घालतील. मुलगी अर्ज घेऊन जाते आणि पहिल्याच टेबलावरचा कारकून विचारतो, "बाई, तुमचा इकडचा नोंदणी क्रमांक?" तो नसला, तर पदवी कितीही मोठी असो, नर्स म्हणून तिची नेमणूक होऊ शकत नाही.

असे का, हे शेतकरी श्रोत्यांना पटकन उमगेल. जमिनीचे खरेदीखत हातात असले तरी फेरफार होऊन सातबारावर नाव चढावे लागतेच ना? तसेच हे. पदवी म्हणजे काय शिकलात त्याचा दाखला, आणि नोंदणी म्हणजे या मुलखात नर्स म्हणून काम करण्याचा परवाना. विद्या माणसाबरोबर समुद्र ओलांडून येते, परवाना येत नाही. प्रत्येक देशाची नोंदवही वेगळी.

यात दोन तऱ्हा आहेत. एखादी मुलगी इथेच शिकली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत तिचे नाव लागले, आणि मग ती आखातात किंवा इंग्लंडात नोकरीला गेली. तिचे काम सोपे. तिची पात्रता इकडचीच आहे; नोंदणीची मुदत टळली असेल तर नूतनीकरण करून घ्यायचे, बस्स. बाहेर असतानाच ते करीत राहिले तर आणखी बरे.

खरी खटपट आहे ती तिकडेच शिकलेल्या मुलीची. तिच्या शिक्षणाला आधी केंद्रीय पातळीवर समकक्षता मिळवावी लागते, म्हणजे हे शिक्षण आपल्याकडच्या शिक्षणाच्या तोडीचे आहे असा निर्णय लागतो. त्यानंतर राज्याच्या परिषदेत नोंद. हे समकक्षतेचे काम १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेकडे आले. पुढे २०२३ साली संसदेने त्या कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा केला. तेव्हा अर्ज नेमका कोणत्या कचेरीत द्यायचा, हे मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत आधी विचारून घ्यावे. शेजारणीने चार वर्षांपूर्वी काय केले, त्यावर विसंबू नये.

आता कोणी म्हणेल, इंग्लंडचे शिक्षण आपल्यापेक्षा कमी कसे ठरेल? कमी नव्हे, वेगळे. हा फरक मुद्दाम समजून घेण्यासारखा आहे. आपल्याकडे तीन वर्षांचा जीएनएम घ्या किंवा चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग घ्या, दोहोंत बाळंतपणाचे शिक्षण आतच गुंफलेले असते. नोंदही 'नर्स आणि मिडवाइफ' अशी जोडीने होते. १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला, तेव्हा साऱ्या हिंदुस्थानात नर्सेस होत्या सुमारे सात हजार! जिथे एक नर्स मिळायची मारामार, तिथे ताप पाहायला एक आणि बाळंतपणाला दुसरी, ही चैन कुणाला परवडणार? आडगावच्या दवाखान्यात आजही रात्री दोन वाजता बाळंतीण आली, तर दार उघडणाऱ्या सिस्टरला ते काम यावेच लागते.

ब्रिटनमध्ये घडी निराळी. तिथे प्रौढांची, मुलांची, मानसिक आजारांची आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची, अशा नर्सिंगच्या चार शाखा आहेत. विद्यार्थिनी साधारणपणे एकच शाखा घेते. २०१८ च्या मानकांप्रमाणे शिक्षणाचे तास ४६००, त्यांतले निम्मे प्रत्यक्ष रोग्यांजवळ. पण सुईणीचे शिक्षण अगदी स्वतंत्र, नोंदही स्वतंत्र. अडीअडचणीचा प्रसंग सोडला, तर डॉक्टर किंवा नोंदलेली मिडवाइफ यांच्याखेरीज कोणी बाळंतपण करणे तिथे कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे तिथली हुशारातली हुशार नर्स घेतली, तरी तिने एकही बाळंतपण आपल्या हाताने केलेले नसेल. आपल्याकडच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहताना ही जागा रिकामी दिसते, आणि अडचण इथेच येते. काही लोकांना हा कचेरीचा आडमुठेपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. मात्र उणीव कोणती आणि ती कुठे, किती दिवसांत भरून काढायची, हे उमेदवाराला लेखी आणि वेळेवर कळले पाहिजे. तेवढा तिचा हक्क आहे.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना विनंती, की बारावीची मुलगी परदेशी नर्सिंगला निघाली म्हणून सल्ला विचारायला आली, तर फी आणि विमानभाडे यांच्याबरोबर हेही विचारा: त्या अभ्यासक्रमात बाळंतपणाचे शिक्षण आहे का? परत यायचा विचार आहे का? एजंट हे सांगायचा नाही.

आणि जी परत निघाली आहे, तिने सामान बांधण्याआधी कागद गोळा करावेत. नुसते पदवीचे भेंडोळे उपयोगाचे नाही. विषयवार तासांचा तक्ता हवा, शिकवणीचे वेगळे आणि वॉर्डातले वेगळे. अभ्यासक्रमाची प्रत तिच्या वर्षाची हवी, यंदाची चालत नाही. तिकडच्या नोंदणीचा दाखला, आणि आपल्यावर तक्रार वा कारवाई नाही असे तिथल्या परिषदेचे पत्र हवे. परदेशी कागदांवर 'अपॉस्टिल' नावाचा शिक्का लागतो. १९६१ च्या हेग करारातला हा शिक्का भारत २००५ पासून मानतो. तो कागद निघाला त्याच देशात मिळतो, त्यामुळे घरी आल्यावर आठवण झाली तर टपालाच्या खेपा आणि महिन्यांची वाट.

ब्रिटनची नोंदणीही लगोलग सोडू नये. दर तीन वर्षांनी तिचे पुनर्प्रमाणन होते. ४५० तासांचे काम आणि ३५ तासांचा अभ्यास दाखवावा लागतो. इकडचा निकाल लागेपर्यंत ती चालू असलेली बरी.

एक बारीकशी गोष्ट राहिली. लग्नानंतर नाव बदलले असेल, पासपोर्टावर एक, पदवीवर दुसरे आणि बारावीच्या दाखल्यावर तिसरे, तर विवाहनोंदणीचा दाखला आणि नावबदलाचे राजपत्र अर्जाला पहिल्याच दिवशी जोडावे.