वार्धक्यातील आरोग्यसंवर्धन : एक नवे पदव्युत्तर अध्ययनक्षेत्र

पहाटेच्या अंधारात उठलेली सत्तरीची एखादी वृद्धा न्हाणीघरातील ओल्या फरशीवर घसरते. खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया लांबणीवर पडते, ती अंथरुणास खिळते. पुढे पाठीस शय्याव्रण होतात आणि अखेर न्यूमोनियाचे निमित्त होऊन तिचा अंत होतो. घरचे लोक म्हणतात, "वय झाले होते." गावही तेच म्हणते.

परंतु ती पडली का, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मोतीबिंदूमुळे तिला ओल दिसली नसेल. झोपेच्या गोळीचा अंमल उतरला नसेल. अंथरुणातून एकदम उठल्याने रक्तदाब खाली येऊन घेरी आली असेल. मांड्यांचे स्नायू क्षीण झाले असतील, किंवा न्हाणीघरात दिवा नव्हता एवढेच कारण असेल. यांपैकी बहुतेक कारणे आधी ओळखता येतात व दूरही करता येतात. ती कशी ओळखावीत, कोणी ओळखावीत आणि त्यासाठी घर, गाव व शासकीय यंत्रणा यांत कोणते बदल करावेत, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे वृद्धांचे आरोग्यसंवर्धन होय. १९८६ साली कॅनडातील ओटावा येथे स्वीकारण्यात आलेल्या सनदेने आरोग्यसंवर्धनाची व्याख्या केली, तिचा आशय असा की, आपल्या आरोग्यावर स्वतःचे अधिक नियंत्रण मिळवून ते सुधारण्यास लोकांना समर्थ करणे. येथे वृद्ध मनुष्य केवळ रुग्ण राहत नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

वार्धक्याचा स्वतंत्र विचार आपल्याकडे नवा नाही. वाग्भटाने आयुर्वेदाची जी आठ अंगे सांगितली, त्यांत 'जरा' हे एक आहे. आधुनिक वैद्यकात मात्र या विषयास मान्यता मिळण्यास विलंब लागला. १९३५ मध्ये लंडननजीकच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे शेजारच्या अनाथ-अपंगांच्या रुग्णालयातील सातशेहून अधिक रुग्ण सोपविण्यात आले. त्यांतील अनेक वृद्ध वर्षानुवर्षे केवळ पडून होते. वॉरेन यांनी प्रत्येकाची तपासणी केली, त्यांना उठते-चालते करण्याचे प्रयत्न केले आणि पुष्कळांना घरी जाण्याजोगे केले. बिछान्यावर पडून राहणे हाच अनेकांचा खरा आजार होता, हे त्यातून दिसून आले.

भारतात ब्रिटनमध्ये प्रशिक्षण घेतलेले डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ मध्ये मद्रासच्या शासकीय रुग्णालयात वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. तेथील मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात १९९६ पासून या विषयातील एम. डी. चे शिक्षण सुरू झाले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने एम. बी. बी. एस. डॉक्टरांसाठी पदव्युत्तर पदविका आखली. पुढे २०१०-११ मध्ये केंद्र शासनाने वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा तपासणी अशी त्याची रचना असून, प्रादेशिक केंद्रांत मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचा व जे. जे. रुग्णालयाचा समावेश करण्यात आला.

हे सर्व शिक्षण मुख्यतः डॉक्टरांपुरते आहे, आणि येथेच उणीव आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्ती १० कोटींहून अधिक होत्या व त्यांतील सुमारे ७ कोटी ग्रामीण भागात राहत होत्या. एवढ्या लोकांच्या घरी तज्ज्ञ डॉक्टर पोहोचणे शक्य नाही. परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ, समाजकार्याचे व गृहविज्ञानाचे पदवीधर यांनाही या विषयाचे उच्च शिक्षण मिळावयास हवे. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना वैद्यकशाखेबाहेरील पदवीधरांनाही प्रवेश मिळतो. प्रबंधासाठी वार्धक्य हा विषय निवडणे हा तूर्त त्यांच्यापुढील सर्वांत सुलभ मार्ग होय. सामग्रीची वाण नाही. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी केली असून, तिचा अहवाल उपलब्ध आहे.

या अध्ययनात नेमके काय शिकावयाचे? जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली प्राथमिक चाचणी पाहावी. स्मरण, हालचाल, पोषण, दृष्टी, श्रवण व मनःस्थिती ही सहा अंगे तीत तपासली जातात. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा १४ सेकंदांत उठता येते काय? तीन महिन्यांत तीन किलोंहून अधिक वजन आपोआप घटले आहे काय? असे साधे प्रश्न विचारले जातात. आशा कार्यकर्तीसही ते विचारता येतील. मात्र जन्मभर जमिनीवर मांडी घालून बसलेल्या वृद्धेस खुर्चीची ही चाचणी कितपत लागू पडते, हे ग्रामीण महाराष्ट्रात तपासून पाहण्याजोगे आहे. एखाद्या विद्यार्थ्याने हाच विषय घेतला तर त्याचे श्रम वाया जाणार नाहीत.

व्यायामाचेही असेच आहे. शंभराहून अधिक चाचण्यांच्या २०१९ मधील एकत्रित आढाव्यात असे आढळले की, व्यायामाने वृद्धांचे पडणे सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते. मात्र हा लाभ मुख्यतः तोल सांभाळण्याच्या व उठण्या-बसण्याच्या व्यायामांनी होतो. नुसत्या चालण्याच्या बाबतीत तितका भक्कम पुरावा मिळालेला नाही. आपल्याकडे मात्र वृद्धांना सल्ला मिळतो तो बहुधा "रोज फिरायला जा" एवढाच.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांना या शास्त्राचा प्रत्यक्ष उपयोग कोठे होईल, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना चष्मा, श्रवणयंत्र, काठी इत्यादी साधनांसाठी एकवेळ तीन हजार रुपयांचे साहाय्य ठेवण्यात आले. रक्कम खात्यात जमा होईल, काठीही विकत घेतली जाईल. पण ती उंच असली तर खांदा वर ओढला जातो, आणि आखूड असली तर मनुष्य पुढे वाकतो व तोल जातो. पायांत नेहमीची पादत्राणे घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावेत, आणि मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ यावी, हे तिचे योग्य माप. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावयाची असते. पुष्कळजण ती दुखऱ्या बाजूसच धरतात. टोकाचे रबर झिजले की ते बदलावे लागते आणि ते तालुक्याच्या ठिकाणी औषधांच्या दुकानात मिळू शकते.