बोट उचलल्याचीही वर्दी

आमच्या नावड्यात लग्नसराईत बेंजो पार्टी आली, की पोरांची नजर बेंजोपेक्षा ऑक्टोपॅडवर. आठ रबरी चौकोन आणि दोन काठ्या; ढोलकी त्यातच, संबळही त्यातच. पण मंडळी, रोलंड कंपनीने १९८५ साली पहिला ऑक्टोपॅड काढला तेव्हा त्याच्या पोटात एकही आवाज नव्हता. काठी पडली की तो दुसऱ्या यंत्राला वर्दी द्यायचा. वाजायचं ते दुसरं यंत्र.

या वर्दीची भाषा म्हणजे मिडी. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ती १९८३ साली आली, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. भाषा मोठी काटकसरी. एका सुराला तीन आकडे: काय घडलं, कुठला सूर, किती जोर. सूर आणि जोर, दोन्ही ० ते १२७ मध्ये बसवायचे.

माझा भाचा सध्या लाकडी खोक्यात बटनं बसवून स्वतःचा कंट्रोलर बनवतोय. पहिल्या दिवशी बटन दाबून धरलं, तर सूर सारखा अडखळत वाजे. आतली चिप सेकंदाला हजारो वेळा बटनाकडे बघते आणि दर वेळी ‘दाबलंय’ म्हणून सांगत होती. मी गझला लिहिणारा माणूस, रदीफ परत परत आलेला मला आवडतो. यंत्राला मात्र तीच बातमी पुन्हा नको. चिपने बटनाची आधीची अवस्था लक्षात ठेवायची आणि ती बदलली तरच बोलायचं. शिवाय आतली पट्टी टेकताना काही मिलिसेकंद थरथरते, एका दाबाचे चार दिसतात. तेवढं थांबून मगच विश्वास ठेवायचा.

खरी पंचाईत पुढे. दाबल्याची वर्दी वेगळी, सोडल्याची वेगळी. दुसरी पोचली नाही तर सूर अडकतो. ढोलकीचा आवाज आपसूक विरतो, तिथे हे झाकलं जातं. बासरी किंवा हार्मोनियमचा आवाज लावला की उघडं पडतं. भाच्याने बटन दाबलेलं असतानाच सप्तक बदललं आणि मग बोट उचललं. ‘‘मामू, हा थांबतच नाही!’’ थांबणार कसा? ‘बंद हो’ हा निरोप नव्या सप्तकातल्या सा ला गेला, जुना तसाच कोकलत राहिला. म्हणून दाबताना जो सूर पाठवला तो टिपून ठेवायचा आणि सोडताना तोच बंद करायचा, मधे काहीही बदललेलं असो. अडीनडीला सगळे सूर बंद करणारा १२३ क्रमांकाचा निरोप आहेच. भर मांडवात त्यासाठी एक लाल बटन वेगळं ठेवलेलं बरं.

दिव्यांचंही असंच. एका दाबात चालू, दुसऱ्यात बंद होणाऱ्या बटनाचा दिवा खोक्याने स्वतःच्या मनाने लावू नये. लॅपटॉपवर कुणी माउसने तीच गोष्ट बंद केली, तर दिवा खोटं बोलतो. लॅपटॉपकडून उत्तर आलं की मगच दिवा लावायचा. फक्त ते उत्तर नवी वर्दी समजून परत पाठवायचं नाही, नाहीतर दोघं एकमेकांना तेच सांगत बसतात आणि वाजवणाऱ्याची वर्दी त्या गर्दीत रखडते.