शक्करपारे : घरची कढई आणि हलाल रोजी

केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण पांढरकवडा नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. बाजारपेठ कापसावर चालते. हंगाम सरला की हातातला पैसाही सरतो. अशा वेळी थोड्या भांडवलात घरबसल्या करता येईल असा धंदा म्हणून आपल्या भगिनींनी शक्करपाऱ्यांचा विचार जरूर करावा. ईदला आपण शक्करपारे म्हणतो, दिवाळीला शेजारी शंकरपाळे म्हणतात. माल एकच, गिऱ्हाईक दोन्हीकडे.

गोड तळणाचा हा वारसा जुना आहे. बगदादच्या इब्न सय्यार अल्-वर्राक यांच्या दहाव्या शतकातील पाकग्रंथात जुलाबिया आहे; आपल्या जिलेबीचे नाव त्यावरूनच आले. अंदलुसच्या मुस्लिम स्वयंपाकघरांतून असेच तळण स्पेनमध्ये रुजले आणि १५२१ मध्ये मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश लोकांबरोबर ते समुद्रापार गेले, असे खाद्येतिहासाचे अभ्यासक मानतात. तेथे त्याला बुन्युएलो म्हणतात. मैद्याची पातळ पुरी तळून वर दालचिनी-साखर किंवा गुळासारख्या साखरेचा पाक घालतात. नाताळात तो घरोघरी होतो.

कृती

मैदा १ किलो, बारीक रवा १०० ग्रॅम, पिठीसाखर ३५० ग्रॅम, तूप २०० ग्रॅम, चिमूटभर मीठ, वेलची. तूप कडकडीत तापवून मैद्यात घालावे. पीठ मुठीत दाबले असता मुटका वळला पाहिजे. न वळल्यास मोहन कमी आहे. साखर मिसळून लागेल तसे दूध घालत घट्ट भिजवावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. जाडसर लाटून चौकोनी तुकडे कापावेत. तेलात टाकलेला तुकडा सावकाश वर आला की आच बरोबर. मोठ्या आचेवर रंग लवकर येतो, पण आत कच्चे राहते आणि माल मऊ पडतो. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावे.

हिशेब

कापडाच्या धंद्यात कतरणसुद्धा हिशेबात धरतात. घरच्या धंद्यात मात्र बाईची मेहनत फुकट धरली जाते. उदाहरण पाहा, भाव आपल्या बाजाराचे घालावेत. समजा, साहित्य १९० रुपये, तळणीत खपलेले तेल ६०, गॅस ३०, पिशव्या १५. एकूण २९५. माल पावणेदोन किलो निघाला आणि २२० रुपये किलोने विकला, तर ३८५ रुपये आले. ९० रुपये नफा दिसतो. पण तीन तासांची मेहनत ताशी ६० रुपयांनी धरली, तर खर्च ४७५ होतो. म्हणजे ९० रुपयांचा तोटा! किलोला २७१ रुपयांपेक्षा कमी भाव परवडत नाही. दुकानदाराचे कमिशन आणि नफा त्यावर वेगळा.

मुंबईत १९५९ मध्ये सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तेथे पहिल्यापासून काम करणारी बहीण मालकीण मानली गेली. हे तत्त्व आपल्याला घेता येईल. चार घरांनी एकत्र येऊन मैदा-तेल ठोक भावाने घ्यावे, पण प्रत्येकीची मजुरी वहीत लिहावी.

कायदा आणि सचोटी

विक्रीसाठी खाद्यपदार्थ करायचा तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते, घरगुती धंद्यालाही. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. तळणीच्या तेलातील घातक घटकांवर १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा आहे. काळे, फेसाळणारे तेल टाकून द्यावे. पाकिटावर वजन आणि तयार केल्याची तारीख लिहावी. मापात घट करणाऱ्यांना कुरआनच्या सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये सक्त ताकीद आहे. वजन पुरे, तेल ताजे आणि मेहनतीचा मोबदला चोख असेल, तर इन्शाअल्लाह या लहान धंद्यात बरकत येईल.