पास झालो, आता पुढची इयत्ता कोणती?



या पानावर एरवी बेणेप्रक्रिया, लागणीचं अंतर, खोडव्याचं खत असे विषय असतात. या खेपेचा विषय वेगळा आहे, पण तो निघाला ऊस नोंदीतूनच. नारायणगडाच्या परिसरातल्या गावांत नोंदी घेत फिरताना अलीकडे एक फरक जाणवतो. पूर्वी फॉर्मबरोबर शाईचं पॅड पुढं करावं लागे. आता काही भगिनी पॅड बाजूला सारतात, पेन मागतात आणि सही करण्याआधी वर काय लिहिलंय ते अक्षराला अक्षर लावून वाचतात. त्यांतल्याच एकीनं पिशवीतून घडी घातलेलं प्रमाणपत्र काढलं आणि विचारलं, "साहेब, पास तर झाले. आता फुडं काय?"

ते प्रमाणपत्र होतं 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमाचं. केंद्र शासनाचा हा कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी असून १५ वर्षांवरच्या निरक्षरांसाठी आहे. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण, अशी एकूण १५० गुणांची परीक्षा होते. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा १७ मार्च २०२४ रोजी झाली. हे प्रमाणपत्र म्हणजे अक्षरओळख व आकडेमोड येते याचा पुरावा. त्याच्या जोरावर कुणी आठवी पास ठरत नाही, की नोकरीच्या अर्जात ते चालत नाही. कार्यक्रमाच्या आखणीत पुढच्या पायऱ्या आहेत: तिसरी ते पाचवी, सहावी ते आठवी, नववी ते बारावी यांच्या तोडीचं शिक्षण आणि व्यवसाय कौशल्य. पण कागदावरची पायरी गावातल्या माणसाला आपोआप सापडत नाही, म्हणून हा लेख.

साक्षरतेचं काम आपल्याकडे जुनंच. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा घातली. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. २ ऑक्टोबर १९७८ पासून राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन, २००९ मध्ये साक्षर भारत. तेही २०१८ मध्ये थांबलं. मराठवाड्याचं दुखणं आणखी वेगळं. १९४८ पर्यंत इथं निजामाचा अंमल, वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून, आणि शाळा तालुक्याच्या गावी. आपल्या आज्या-आजोबांच्या पिढीनं पाटी पाहिली ती पुढं प्रौढ वर्गातच. तिथं कंदिलाच्या उजेडात नाव गिरवलं, सही आली. मग मोहीम संपली, वर्ग बंद पडला, आणि वाचायला घरात काही नाही म्हटल्यावर दोन-चार वर्षांत सहीपुरतीच अक्षरं उरली. उगवण चांगली झाली आणि पुढची पाण्याची पाळीच चुकली तर प्लॉटचं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

गडाच्या परिसरात एक गोष्ट मात्र जमेची आहे. धाकटी पंढरी म्हणून ओळखला जाणारा हा गड. नगद नारायण महाराजांचं हे ठाणं. इथल्या बायांना हरिपाठ तोंडपाठ असतो. पाठ असलेल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला लावलं, की तोंडातला शब्द डोळ्यांना सापडतो. नव्यानं अक्षरं शिकलेल्या बाईला ही छोटी पुस्तिका जितकी उपयोगी पडते तितकं दुसरं पुस्तक पडत नाही, असं मला वाटतं. त्यानंतर दुसरं पुस्तक म्हणजे आपलीच काटापट्टी आणि ऊस बिल. वजन, दर, कपाती, बँकेत जमा. ज्या घरात बिल बाई वाचते, त्या घरातली कपातीबद्दलची तक्रार नेमकी असते, मोघम नसते. आमचं काम त्यानं वाढतं, पण ते चांगल्या अर्थानं.

आता पुढच्या वाटा. सगळ्यांत आधी वेळेची अडचण सांगतो, कारण ती आपल्या जिल्ह्याची खास आहे. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन जी माणसं घाट उतरतात ती मार्च-एप्रिलला, पाडव्याच्या आगंमागं परत येतात. साक्षरतेची ती परीक्षा मार्चमध्ये. दहावी बोर्डाची मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे गावात नाव नोंदलेला माणूस नेमका परीक्षेच्या दिवशी कुठल्या तरी फडात मोळ्या बांधत असतो. नापास तो अभ्यासानं होत नाही, तारखेनं होतो.

यावर उपयोगी पडते ती राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून ती सुरू झाली. तिच्या मुख्य परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एप्रिल-मेची परीक्षा तोडणीहून परतलेल्या माणसाला सोयीची. एकदा नाव नोंदलं की ते पाच वर्षं चालतं आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. पाचही विषय एका दमात काढायची सक्ती नाही. यंदा मराठी आणि गृहविज्ञान, पुढच्या साली आणखी एक, असं जमेल तसं करता येतं. पास झालेला विषय जमा राहतो. दहावीच्या प्रवेशाला आठवीचा दाखला नसेल, तर 'दहावीचा अभ्यास करण्याइतकं माझं शिक्षण झालं आहे' असं स्वतःचं लेखी निवेदन चालतं. ज्यांना इतकी उडी झेपणार नाही त्यांच्यासाठी खालच्या पायऱ्याही आहेत: अ, ब आणि क स्तर, म्हणजे अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे. नव्यानं साक्षर झालेल्यानं इथूनच सुरुवात करावी. एकदम दहावीचं पुस्तक हातात दिलं की माणूस बिचकतो आणि पुन्हा पुस्तकाला शिवत नाही.

लहानपणी पाचवीपर्यंत शाळा होऊन नंतर सुटली असेल तर आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म सगळ्यांना माहीत आहे. किमान पाचवी पास असला की खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. जे तोडणीला जात नाहीत त्यांना ही वाट जवळची. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळही पाचवी, आठवी, दहावी, बारावीच्या परीक्षा घेतं. इथं एक सावधगिरी. 'हमखास पास करून देतो' म्हणून पैसे गोळा करणारे लोक तालुक्याच्या गावी असतात. पावती न देणाऱ्याच्या हातात रुपयाही ठेवू नका.

कॉलेजचं म्हणाल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं ते शिक्षण सुटलेल्यांसाठीच. दहावी-बारावी नसलेल्या प्रौढांना पूर्वतयारी परीक्षा देऊन पदवीच्या पहिल्या वर्षाला बसण्याची वाट त्यानं काढली आणि तिचा फायदा अनेक गृहिणींना, नोकरदारांना झाला. पण पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे. भरतीत बारावीचा दाखला मागितला की पदवी असूनही माणूस अडकतो. माझं मत विचाराल तर चाळिशीच्या आतल्यांनी दहावी-बारावीची लांबची वाट धरावी. प्रवेशाचे नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा चालू वर्षाची माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय फी भरू नये.

हे सगळं दहावी-कॉलेजचं झालं. पण प्रत्येकालाच कॉलेज नको असतं. पुष्कळांना हातात कला हवी असते. आठवी झाली की आयटीआयचे वेल्डर, वायरमन, शिवणकाम असे काही ट्रेड उघडतात, आणि तिथं वयाची वरची मर्यादा नाही, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. तिशीतला गडी वर्गात बसला तर कुणी उठवत नाही. आठवी नसलेल्यांसाठी जन शिक्षण संस्थान. १९६७ साली मुंबईत श्रमिक विद्यापीठ निघालं, त्याचंच हे पुढचं रूप, बीडलाही आहे. निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा मध्येच सोडलेले १५ ते ४५ वयाचे स्त्री-पुरुष तिथं घेतात. शिवाय मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट सभासद शेतकऱ्यांसाठी 'ज्ञानयाग' आणि महिलांसाठी 'ज्ञानलक्ष्मी' ही निवासी शिबिरं घेते. ज्या भगिनी आता वही लिहू शकतात त्यांनी तिथं जरूर जावं. माती परीक्षणाचा अहवाल स्वतः वाचून खताची मात्रा काढणं हे काही कॉलेजपेक्षा कमी शिक्षण नाही.

आता एक बोलणं, जे पारावर होतं पण सभेत कुणी उठून बोलत नाही. "माणसं शिकली की कोयता सोडतील. मग आपला ऊस तोडायचा कुणी?" २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यात ऊस जूनपर्यंत उभा राहिला, तेव्हापासून ही धास्ती वाढली आहे. ती खोटी नाही. वेळेत तोड न मिळाल्यानं वजन घटतं, तुरे येतात, पुढचा खोडवा बिघडतो. ज्याचं नुकसान होतं तोच जाणतो.

तरीही मला ते म्हणणं पटत नाही. एक तर आपल्या भागात सभासद आणि तोडणी कामगार ही दोन वेगळी माणसं नाहीत. विहिरीला पाणी आहे त्या भावाचा ऊस, आणि कोरडवाहू वाटणी आली त्या भावाच्या हातात कोयता. एकाच घरातली गोष्ट. दुसरं असं की न शिकलेलाही कोयता सोडतोच आहे. तो शहरात जाऊन बांधकामावर माती वाहतो, इतकाच फरक. शिकलेला निदान ऊस तोडणी यंत्राचा चालक, मेकॅनिक, गव्हाणीवरचा फिटर, ठिबकची दुरुस्ती करणारा म्हणून याच धंद्यात राहू शकतो. यंत्रं येत आहेत. ती चालवायला माणसं बाहेरून आणायची का? आणि तिसरं. उचल घेताना मुकादमाच्या वहीत काय मांडलंय, किती फिटली, किती राहिली, हे ज्याला वाचता येतं त्याचा हिशोब रक्तानं लिहावा लागत नाही. उधारीत अडकलेला माणूस मिळावा म्हणून त्याला अडाणी ठेवायचं, हा विचार सहकाराच्या छपराखाली शोभत नाही.

कायदाही याच बाजूचा आहे. २०१३ च्या दुरुस्तीनं महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात कलम २४-अ आलं आणि सभासदांचं शिक्षण-प्रशिक्षण ही संस्थेची जबाबदारी ठरली. त्यातला रोख सहकाराच्या शिक्षणावर आहे हे खरं, पण अहवाल वाचता न येणाऱ्या सभासदानं वार्षिक सभेत हात कशासाठी वर करायचा?

शेवटी कागदांचं, कारण पुष्कळ अर्ज तिथंच अडतात. सर्वांत मोठी अडचण भगिनींच्या नावाची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि बापाचं नाव, आधार कार्डावर सासरचं, सातबाऱ्यावर तिसरंच काही तरी. अर्ज भरण्याआधी हे जुळवून घ्यावं. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर ग्रामपंचायतीतून काढावा. माहेरच्या शाळेतला दाखला आणायचा असेल तर उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी जावं. सुट्टीत मुख्याध्यापक भेटत नाहीत. दाखला मिळाला की जन्मतारीख आधारशी ताडून पाहावी. तीन-चार झेरॉक्स, फोटो आणि स्वतःचा चालू मोबाईल नंबर असू द्यावा. पुतण्याचा नंबर दिला की परीक्षेचा निरोप पुतण्याला मिळतो आणि बाई घरी राहते. हे सगळं घेऊन गट कार्यालयात आलात तर फॉर्म वाचून दाखवायला आमचे चिटबॉय बसतील. भरायचा मात्र तुम्ही स्वतःच्या अक्षरात.